गोळ्या संपण्याची तारीख : इंदूरच्या एका मेडिकलमध्ये मधुमेहाचं काउंटर सुरू करताना

मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांनी जातो, मेडिकलमध्ये मात्र दर महिन्याला येतो. एकदम महिन्याच्या गोळ्यांचे पैसे ज्यांना जमत नाहीत, त्यांची फेरी तर दर आठवड्याला असते. स्ट्रिप देऊन पैसे घेण्यापलीकडे या फेऱ्यांचा उपयोग व्हावा, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये राजेंद्र नगर परिसरातल्या आमच्या दुकानात मधुमेहासाठी वेगळं काउंटर सुरू करायचं आम्ही दोघा फार्मासिस्टांनी ठरवलं. वर्षभरात काय केलं, किती खर्च आला, कुठे अडलं, ते क्रमाने लिहितो आहोत. छोटं दुकान असलेल्यांनाही हे जमण्यासारखं आहे.

पहिला महिना कागदांत गेला. किरकोळ विक्रीची लायसन्स दोन असतात, फॉर्म २० आणि फॉर्म २१. इन्सुलिन औषध नियमावलीच्या शेड्यूल सी या यादीत येतं, त्यामुळे ते विकायला फॉर्म २१ लागतोच. २०१७ पासून लायसन्सला मुदत राहिलेली नाही, पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे ते चालू ठेवण्याची फी, भरावी लागते. तारीख चुकली की दरमहा दोन टक्के विलंब शुल्क, आणि सहा महिने उलटले तर लायसन्स रद्द झालं असं धरलं जातं. आमची तारीख दूर होती, तरी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. दोघांपैकी एकाच्या फार्मासिस्ट नोंदणीचं नूतनीकरण बाकी होतं. मागच्या पावतीची प्रत जोडायची राहिली, अर्ज परत आला, आणि सगळं मिळून सहा आठवडे गेले. फी भरल्याची प्रत्येक पावती फाइलमध्ये लावा आणि तिचा फोटो फोनमध्येही ठेवा.

आपण करतो आहोत ते नियमात बसतं का, ही धास्ती सुरुवातीला होती. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ वाचल्यावर ती बरीच कमी झाली. औषध देताना रुग्णाला ते कसं घ्यायचं, कसं ठेवायचं, काय टाळायचं हे समजावणं नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्यच आहे. निदान करणं आणि डोस बदलणं हे आपलं काम नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवलं की दुकानात कुणाच्या बोटाला आम्ही सुई टोचणार नाही. रुग्णाने स्वतःचं ग्लुकोमीटर आणावं, स्वतः टोचावं; त्याची पद्धत चुकत असेल तर आम्ही सांगू.

मार्चमध्ये सामान घेतलं. दंडावर बांधायचं बीपीचं मशीन २,३०० रुपये, कमाल-किमान तापमान दाखवणारे दोन थर्मामीटर १,४०० रुपये, कंबर मोजायची टेप, दोन खुर्च्या, एक पडदा आणि ५०० छापील कार्डं, असे सगळे मिळून साडेआठ हजारांच्या आत भागलं. पडद्याबद्दल आमच्यात वाद झाला होता. जागा तर लायसन्सला लागतात त्या दहा चौरस मीटरपेक्षा थोडीच जास्त. पण शुगरबद्दल, विशेषतः तरुण बायका आणि लग्नाच्या वयाची मुलं, चारचौघांत बोलत नाहीत. काउंटरवर कुजबुजणारी माणसं पडद्याआड खुर्चीवर बसली की सगळं सांगतात. पैसे कमी असतील तर मशीन नंतर घ्या, पण पडदा आधी लावा.

फ्रिजने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. आमच्याकडे घरगुती, एका दाराचा फ्रिज होता आणि तो गार आहे एवढ्यावर इतकी वर्षं चाललं होतं. एक थर्मामीटर मधल्या कप्प्यात आणि दुसरा मागच्या भिंतीला लागून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या कप्प्यात ५ अंश होते आणि मागे उणे १. म्हणजे मागच्या भिंतीला टेकलेल्या व्हायल, इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या, रात्री गोठत असणार. गोठून वितळलेलं इन्सुलिन पुष्कळदा डोळ्यांना नेहमीसारखंच दिसतं, पण त्याचा भरवसा राहत नाही. त्या रांगेतल्या सगळ्या व्हायल आम्ही काढून टाकल्या. नुकसान झालं, आणि आजवर त्या जागेवरून किती जणांना इन्सुलिन दिलं असेल या विचाराने फार अस्वस्थ वाटलं.

आता मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडून प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्यांत माल ठेवतो. दारात काहीच ठेवत नाही, कारण दार दिवसाला शंभर वेळा उघडतं. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या आहेत, त्यामुळे वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो. सकाळी दुकान उघडल्यावर आणि रात्री बंद करण्यापूर्वी कमाल आणि किमान असे दोन्ही आकडे वहीत जातात. फक्त त्या वेळचं तापमान लिहिलं तर रात्रीची चूक कधीच कळत नाही.

मे महिन्यात उन्हाळा चाळिशीपार गेला आणि दुसरी बाजू समोर आली. दुपारी दोन वाजता स्कूटरवरून आलेला इन्सुलिनचा बॉक्स हाताला कोमट लागला. आत बर्फाचं पाकीट नव्हतं. तो माल आम्ही परत पाठवला. स्टॉकिस्ट, म्हणजे आमचा घाऊक विक्रेता, चार दिवस नाराज होता. शेवटी ठरलं की इन्सुलिन सकाळी दहाच्या आत येईल आणि जेल पॅकसह थर्माकोलच्या पेटीतच येईल. हे बिलावर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं, माल आणणारा मुलगा बदलला की विसरलं जातं.

रुग्णाच्या घरचाही प्रश्न असतोच. चालू व्हायल थंड खोलीत, साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत, २८ दिवस चालते. काही प्रकारांना जास्त मुदत असते, ती पाकिटावरच्या पत्रकात बघावी. इंदूरच्या मे-जूनमध्ये मात्र घरातही तेवढी थंडी नसते. फ्रिज नसलेल्यांना आम्ही माठाची पद्धत सांगतो. रुंद तोंडाच्या माठात थोडं पाणी, त्यात लहान मातीचं भांडं, त्या भांड्यात घट्ट झाकणाच्या डब्यात व्हायल, वरून ओलं फडकं, आणि माठ सावलीत, वारा लागेल तिथे. फ्रिजची बरोबरी होत नाही, पण बाहेरच्यापेक्षा तापमान बरंच उतरतं. प्रत्येक व्हायलवर उघडल्याची तारीख मार्करने आम्हीच लिहून देतो. रोज १० युनिट घेणाऱ्याच्या ४०० युनिटच्या व्हायलमधलं २८ दिवसांत २८० संपतं आणि १२० उरतं. ते टाकून द्यायला कुणाचं मन होत नाही. अशांना ३०० युनिटची कार्ट्रिज आणि ती बसवून टोचायचा पेन परवडेल का, हे डॉक्टरांना विचारायला सांगतो.

एप्रिलपासून रुग्णांची कार्डं भरायला लागलो. वेळ ठेवली दुपारी दोन ते पाच. संध्याकाळी सात ते नऊ गर्दीत बोलणं होत नाही. कार्डावर औषधाचं नाव, ताकद, दिवसाला किती, आज किती नेल्या आणि पुढे कधी संपणार एवढंच. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा ठरला. सोपा हिशोब आहे. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे ९० दिवसांत १८०. त्याने नेल्या १२०, तर औषध पडलं ६० दिवसांचंच. इन्सुलिनचंही तसंच. सकाळी १८ आणि रात्री १२ म्हणजे रोज ३० युनिट, मिलीलिटरला ४० युनिट असलेल्या १० मिलीलिटरच्या व्हायलमध्ये ४०० युनिट, म्हणजे १३ दिवस. तो माणूस २५ दिवसांनी येत असेल तर निम्मंच टोचतो आहे. डॉक्टरांना हे दिसत नाही. त्यांना दिसतो वाढलेला एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, आणि ते डोस वाढवतात. मग कधी रुग्ण लिहिलेला डोस नीट घेऊ लागला की शुगर एकदम खाली येते.

गोळ्या चुकण्याचं एक कारण आम्हाला आधी लक्षातच आलं नव्हतं. एक औषध १५ च्या स्ट्रिपमध्ये, दुसरं १० च्या, बीपीचं आणखी वेगळं. प्रत्येक वेगळ्या दिवशी संपतं, एकासाठी पुन्हा यायचा कंटाळा येतो आणि ते मागे पडतं. एकदा सुट्या गोळ्या कापून सगळ्या औषधांची शेवटची तारीख एक करून दिली की पुढे एकच फेरी पुरते. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेला भाग शिल्लक माल असलेल्या बाजूला राहू द्या.

कार्ड भरताना तीन प्रश्न ठरवून घेतले आहेत. गोळी कधी घेता, कशासोबत घेता, मध्ये थरथर-घाम-अंधारी येते का? पहिल्याच प्रश्नात बऱ्याच चुका सापडतात. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी नाश्त्याच्या आधी घेऊन, मग ‘पोहे नंतर खाऊ’ म्हणत दोन तास निघून जातात. मेटफॉर्मिनची लांब परिणामाची गोळी चावून किंवा तोडून खाल्ली जाते. शौचात गोळीचं कवच दिसलं म्हणून ‘औषध विरघळतच नाही’ असं समजून काहींनी ती बंद केली होती. त्या कवचातून औषध आधीच बाहेर पडलेलं असतं, हे अर्ध्या मिनिटात सांगता येतं.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, हे कार्डाच्या मागे छापलं आहे. जे सोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेतात त्यांनी मात्र साखर किंवा जिलबीवर विसंबू नये. त्या औषधाने साखर पचायला वेळ लागतो. त्यांना ग्लुकोजची पावडरच हवी. हे वाक्य कार्डावर नंतर लाल शाईने जोडलं.

सिरिंजच्या गोंधळाची आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते. आपल्याकडच्या व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलीलिटरच्या, त्यांची सिरिंज लाल झाकणाची. पेन आणि कार्ट्रिजमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी झाकण. ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या रेघेपर्यंत भरल्यावर शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलटं त्याहून वाईट. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातात ५० युनिट. म्हणून आता सिरिंज मागायला आलेल्याला आधी व्हायलचा फोटो दाखवायला सांगतो. ‘काकू, झाकण कोणत्या रंगाचं होतं?’ एवढ्या एका प्रश्नाने मे महिन्यात एक चूक वेळेवर सापडली. व्हायल आणि सिरिंज एकाच पिशवीत, एकाच वेळी द्यायची सवय लावा.

पेनवाल्यांना टोचायच्या आधी २ युनिट हवेत सोडून बघायला आणि दाबल्यावर सुई दहा सेकंद आत ठेवायला शिकवतो. ढगाळ इन्सुलिन तळव्यांमध्ये हलकेच फिरवायचं, जोरात हलवायचं नाही. पोटावर रोज त्याच जागी टोचणाऱ्यांना तिथे गाठ येते. तिथे दुखत नाही म्हणून ती जागा सोडवत नाही, आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना कळवूनच बदलायला सांगतो.

वापरलेल्या सुयांचं काय, हे इंदूरमध्ये थोडं सोपं आहे. कचऱ्याच्या गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. जाड प्लास्टिकची बाटली, त्यात सुया, तीन-चतुर्थांश भरली की झाकण टेपने बंद आणि वर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात. गाडीवरच्या दादांना हातात देताना तोंडानेही सांगायचं.

डॉक्टरांशी बोलणं जूनपर्यंत टाळत आलो होतो. आसपासच्या पाच दवाखान्यांत एकेक पानाचं पत्र घेऊन गेलो. एका ठिकाणी ‘आता उपचारही तुम्हीच करणार का?’ असं ऐकावं लागलं. वाईट वाटलं, पण प्रश्न रास्त होता. पत्रात लिहिलं होतं की आम्ही डोस बदलणार नाही, ब्रँड बदलणार नाही, आणि फोन तीनच कारणांसाठी करू. औषध मोठ्या प्रमाणात चुकलेलं असेल, शुगर वारंवार ७० च्या खाली जात असेल, किंवा पायाला जखम असेल. तिघांनी लगेच होकार दिला, चौथ्यांनी ऑगस्टमध्ये. तीनशेच्या वर शुगर आणि सोबत उलट्या किंवा धाप, असा रुग्ण दुकानात आला तर फोनची वाट न बघता सरळ इस्पितळात पाठवायचा, हेही पत्रात होतं.

ब्रँडचा मुद्दा त्याच वर्षी तापला. ११ मार्च २०२५ ला एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट संपलं. साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. रुग्णाच्या हातात चिठ्ठी जुन्या ब्रँडची, आणि औषध नियमावलीचा नियम ६५ (११-अ) सांगतो की लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरं, घटक तोच असला तरी, द्यायचं नाही. परवडत नाही म्हणून गोळी दिवसाआड घेणारी माणसं समोर उभी, स्वस्त गोळी शेल्फवर, आणि मध्ये हा नियम. त्यावर चालला तो उपाय असा : रुग्णाच्या कार्डामागे घटकाचं नाव, ताकद आणि दोन किमती लिहून द्यायच्या. पुढच्या भेटीत डॉक्टर ते बघून चिठ्ठी बदलतात. सिटाग्लिप्टिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना जनऔषधी केंद्राचाही पत्ता देतो. २०२२ मध्ये तिथे ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. आमची विक्री कमी होते, हे खरं आहे. पण औषध बंद करणारा माणूस कुणाचंच गिऱ्हाईक राहत नाही.

पावसाळ्यात ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपांच्या तक्रारी सुरू झाल्या, ‘मशीन रोज वेगळं दाखवतं.’ डबी उघडी राहून ओल धरते, किंवा गूळ-फळं हाताळून तसंच बोट टोचलं जातं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजलं की आकडा बहुधा उतरतो. डबी उघडल्यापासून बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिप तीन महिनेच चालतात, म्हणून महिन्यातून चार वेळा मोजणाऱ्याला ५० ची डबी घेऊ देत नाही, २५ ची देतो. प्रयोगशाळेच्या आकड्याशी १५ टक्क्यांपर्यंत फरक मशीनच्या मानकातच धरलेला आहे. २२ सप्टेंबरला ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जुन्या छापील १,१२० च्या डबीचे १,०५० घ्यायचे, हे त्या आठवड्यात प्रत्येकाला समजावत होतो. नवीन दरपत्रक छापून काउंटरवर चिकटवलं तेव्हा वाद थांबले.

त्याच २२ सप्टेंबरला नवरात्र बसलं. नऊ दिवसांचा उपवास धरणाऱ्यांना आम्ही दोन आठवडे आधीच विचारायला लागलो होतो. ग्लिमेपिराइड-ग्लिक्लाझाइड, इन्सुलिन आणि ‘फ्लोझिन’ गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना भेटणं गरजेचं असतं. पहिल्या दोहोंनी शुगर घसरते, तिसऱ्याने शरीरात आम्ल वाढण्याचा धोका असतो. साबुदाण्याच्या खिचडीने उलट शुगर उसळते, तेही सांगतो. पुढच्या वर्षी हे काम आषाढी एकादशीच्या आधीच सुरू करायचं ठरवलं आहे.

नोव्हेंबरमध्ये औषध न घेणाऱ्यांकडे वळलो. बिल करायला आलेल्या, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा भारतीय मधुमेह जोखीम गुणांक काढला. वय, कंबर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह, एवढ्यावर १०० पैकी गुण. ५० किंवा त्यावरचं वय ३०, पुरुषाची कंबर १०० सेंटिमीटर किंवा जास्त, बाईची ९० किंवा जास्त असेल तर २०, बैठं आयुष्य ३०, दोन्ही पालकांना मधुमेह असेल तर २०. साठ किंवा जास्त आले तर उपाशीपोटीची तपासणी करायला पाठवतो. तिशीवरच्यांसाठी ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. कंबर नाडीच्या खाली नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा.

वर्षभर एक गोष्ट खटकत राहिली. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोगाचं औषध नेणाऱ्या रुग्णाची माहिती कळवणं मेडिकलवाल्यांना बंधनकारक झालं. म्हणजे औषधाच्या दुकानातून रुग्ण ओळखता येतो, हे धोरणाला माहीत आहे. मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका जास्त, हेही माहीत आहे. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही सांगितले. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने २०२५ पर्यंत ज्ञात रुग्णांपैकी ८० टक्क्यांचा आजार आटोक्यात असावा असं लक्ष्य ठेवलं होतं. पण गोळ्या कुणाच्या कधी संपल्या हे जिथे कळतं, त्या काउंटरकडून ते कुणी मागत नाही. समजावण्याच्या वीस मिनिटांचं मोलही कुठल्याच यादीत नाही. इंग्लंडमध्ये नवीन औषध सुरू झालेल्या रुग्णाशी फार्मासिस्टने बोलण्यासाठी २०११ पासून सरकारी सेवा आहे आणि तिचे पैसे दुकानाला मिळतात; टाइप २ मधुमेह त्यात पहिल्यापासून आहे. आमच्याकडे सध्या हा वेळ औषधांवरच्या नफ्यातून निघतो. म्हणून दुपारच्या तीन तासांपलीकडे आम्हाला जाता आलेलं नाही.

जानेवारीत औषध निरीक्षकांकडून दुकानाची तपासणी झाली. लायसन्स, बिलं, एक्स्पायरीचा कप्पा पाहून झाला. फ्रिजच्या वहीतले कमाल-किमान आकडे त्यांनी पानं उलटून पाहिले आणि मधल्या एका रविवारी नोंद का नाही, ते विचारलं. बरोबर होतं, सुट्टीच्या दिवशीही फ्रिज चालूच असतो. आता रविवारी सकाळी आमच्यापैकी एक जण दहा मिनिटं येऊन आकडे लिहून जातो. कार्डांची पेटीही त्यांना दाखवली. तपासणीच्या कागदावर तिच्यासाठी रकाना नव्हता. पेटी परत ड्रॉवरमध्ये ठेवली आणि त्या आठवड्यात गोळ्या संपणाऱ्या अकरा जणांना फोन करायला बसलो.